उभ्या गाडीचं ॲव्हरेज

सहा पूर्णांक दोन. पंपाच्या पुढे, हवा भरायच्या यंत्राशेजारी गाडी लावून त्याने भागाकार तिसऱ्यांदा केला आणि तिसऱ्यांदाही सहा पूर्णांक दोनच आले. भागाकार काही कुणाचा नातेवाईक नसतो, समोरच्याचं मन राखायला आकडा वाढवून सांगणार नाही. विकणाऱ्याने लिटरला साडेचौदा किलोमीटर सांगितले होते. विकणारा सांगतो त्यातून दोन वजा धरायचे एवढं शहाणपण त्याला होतं. साडेबारा आले असते तर तो गप्प राहिला असता, अकरा आले असते तर दोन दिवस धुसफुसून विसरला असता. पण सहा म्हणजे ट्रक झाला. गाडी घेऊन अडीच महिने झाले होते, ही चौथी टाकी, आणि प्रत्येक टाकीला तो ठरल्याप्रमाणे त्याच पंपावर, त्याच नळीने, नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथपर्यंतच डिझेल भरत आला होता. टायरची हवा दर रविवारी सकाळी, टायर थंड असताना. सिग्नलला इंजिन बंद. एवढं करून पहिल्या टाकीला सहा पूर्णांक पाच, मग सहा पूर्णांक तीन, मग पुन्हा तीन, आणि आज दोन. सात माणसांची, उंचच्या उंच गाडी, चढताना पायरीवर पाय ठेवून वर जावं लागायचं. रंगही पांढराच निवडलेला, म्हणजे हत्ती म्हणायला कुणाला काही कमी पडायला नको. पंपावरचा म्हातारा लांबून बघत होता. याने मागे दोनदा पाच लिटरचं माप मागवून पंपाचीच परीक्षा घेतली होती, आणि दोन्ही वेळा पंप खरा निघाला होता. “साहेब, आज माप काढू का?” म्हाताऱ्याने विचारलं, त्यात थट्टा होती. “नको,” तो म्हणाला, “तुमचं बरोबर आहे.” मग काच वर करून तो निघाला, आणि ऑफिसला पोचेपर्यंत डॅशबोर्डवरच्या काट्याशी मनातल्या मनात भांडत राहिला.

मोजणं हा त्याचा धंदाच होता. काटे तपासायच्या प्रयोगशाळेत त्याची एकतीस वर्षं झाली होती. औषधवाल्यांचे, सराफांचे, कारखान्यांचे वजनकाटे तिथे यायचे आणि त्याची सही झाली की ते खरे ठरायचे. ऑफिसातले लोक त्याच्या पाठीमागे त्याला मिलीग्रॅम म्हणत. ते त्याला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी आवडतही होतं. नवीन लागलेल्या माणसाला पहिल्या दिवशी तो एकच गोष्ट शिकवायचा. आधी रिकाम्या पारड्याचं वाचन घ्यायचं. पारड्यात काहीही नसताना काटा काय दाखवतो ते आधी लिहायचं, कारण चूक तिथे असली तर पुढचं प्रत्येक वजन ती चूक पोटात घेऊनच येतं, आणि आपण वस्तूला दोष देत बसतो. हे वाक्य तो इतक्यांदा बोलला होता की तोंडातून ते आपोआप पडायचं, त्याचं त्यालाही ऐकू येत नसे. त्या दिवशी एका मिठाच्या कारखान्याचा काटा टेबलावर होता. त्याने वजनं चढवली, उतरवली, लिहिली, आणि मधेच थांबून कागदाच्या कोपऱ्यात पुन्हा सहा पूर्णांक दोन लिहिलं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, “विकून टाका ना एवढं असेल तर. घरात माणसं तरी किती आहेत तुमच्या?” तो काही वाईट मनाने म्हणाला नव्हता. पण याने लगेच वही मिटली आणि हात धुवायला गेला, आणि हात स्वच्छ असूनही बराच वेळ धूत राहिला.

माणसं किती, हा प्रश्नच चुकीचा होता असं त्याला वाटे. माणसं होतीच. बायको होती, मुलगी होती, जावई होता, आता दोन वर्षांचा नातू पिंट्या होता, व्याही आणि विहीणबाई होत्या. मोजली तर त्याच्यासकट बरोबर सात. फक्त ती सगळी एका वेळी एका जागी नव्हती. बायको मुलीकडे परदेशी गेली ती तीन महिन्यांसाठी म्हणून, त्याला आता सव्वा वर्ष झालं होतं. आधी नातवाला दात येत होते. मग त्याची पाळणाघरात सवय व्हायची होती. मग मुलीची नोकरी बदलली. प्रत्येक कारण खरंच होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. काट्याच्या भाषेत त्याला सरकणं म्हणतात. काटा मोडत नाही, बिघडतही नाही, रोज केसभर सरकतो, आणि वर्षाने बघावं तर दुसऱ्याच आकड्यावर उभा असतो. भांडण म्हणून काही झालंच नव्हतं. भांडण झालं असतं तर निदान ते कुठल्या दिवशी झालं हे सांगता आलं असतं.

जुनी गाडी लहान होती, चौघांना बरी, पाचव्याला कोंबावं लागायचं. ती मात्र ॲव्हरेजला सोनं होती. एकवीस पूर्णांक चार, हा तिचा विक्रम. हा आकडा त्याने वीस वर्षं ज्याला त्याला ऐकवला होता. ऐकणाऱ्याने “वा” म्हटलं की तो आकडा कसा आला तेही सांगायचा. चढावर एसी बंद. साठच्या वर काचा बंद, हवा आत शिरली की गाडी अडते. गाडीत खायचं नाही, कारण खायचं म्हटलं की थांबायचं आलं. आणि टाकी भरल्यापासून पुढच्या पंपापर्यंत मधे थांबायचंच नाही, थांबून पुन्हा वेग घेण्यात डिझेल जातं आणि मोजणी खराब होते. हे सगळं सांगताना तो एक गोष्ट सांगत नसे, मुद्दाम लपवायचा असं नाही, ती त्या गोष्टीत मोडते असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. त्या एकवीस पूर्णांक चारच्या दिवशी मुलगी आठ वर्षांची होती आणि मागच्या सीटवर आईला टेकून बसली होती. घाटातली वळणं चालू होती. “बाबा, थांबवा ना,” ती म्हणाली. “पुढे पंप आला की,” तो म्हणाला. “किती लांब आहे?” “अकरा किलोमीटर.” आरशात त्याला तिचे घट्ट मिटलेले ओठ दिसले होते. चार किलोमीटर तिने दम धरला, मग तिला उलटी झाली आणि बायकोने ती आपल्या ओंजळीत धरली, सीट खराब होऊ नये म्हणून. उरलेले सात किलोमीटर बायको तशीच बसून होती, दोन्ही हात पुढे धरून. पंपावर त्याने आधी टाकी भरली. मग बायकोला नळ कुठे आहे ते दाखवलं. हे सगळं त्याला आजकाल फार स्पष्ट आठवायचं, म्हणजे तिच्या बांगड्या कोपरापर्यंत कशा सरकवलेल्या होत्या तेसुद्धा, आणि आठवलं की तो डोकं हलवून दुसरं काहीतरी मोजायला घ्यायचा.

मोठी गाडी घ्यायचं डोक्यात आलं ते विमानतळावर. गेल्या वर्षी मुलगी, जावई आणि नातू वीस दिवसांसाठी आले होते. त्यांना आणायला हा आणि बायको लहान गाडीतून गेले, आणि व्याह्यांनी एक मोठी गाडी चालकासकट भाड्याने आणली. बाहेर आल्यावर मिठ्या झाल्या, रडणं झालं, नातू ह्याच्या हातातून त्याच्या हातात फिरला, आणि मग कोण कशात बसणार हा गोंधळ सुरू झाला. शेवटी झालं असं की माणसं सगळी मोठ्या गाडीत गेली आणि बॅगा याच्या गाडीत आल्या. बायकोही तिकडेच बसली. मग चाळीस किलोमीटर तो त्या मोठ्या गाडीच्या मागून गाडी चालवत राहिला. मागच्या काचेतून डोकी दिसत होती. जावयाचं टक्कल, विहीणबाईंचा अंबाडा, बायकोचं डोकं मधेच मागे जायचं, म्हणजे ती हसत असणार. ती तशी हसते हे तो विसरला होता. एकदा कुणीतरी नातवाला काचेशी धरून त्याचा हात हलवला, आणि याने दिवे उघडमीट करून उत्तर दिलं, पण तोवर नातू खाली गेला होता. त्या चाळीस किलोमीटरांत त्याने ठरवलं की दोष गाडीचा आहे. गाडी लहान आहे. पुढच्या वेळी सगळे एकात मावले पाहिजेत. वीस दिवसांनी ती मंडळी परत गेली तेव्हा बायकोही त्यांच्याबरोबर गेली, आणि सुमारे वर्षभराने त्याने लहान गाडी देऊन ही घेतली. फोनवर सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, “एवढी मोठी कशाला?” “सगळे मावतील,” तो म्हणाला. ती म्हणाली, “बरं.” तेव्हापासून ती दर फोनला विचारायची, “गाडी कशी आहे?” आणि तो ॲव्हरेज सांगायचा. दोघांना बोलायला काहीतरी मिळालं होतं.

संध्याकाळी सव्वासहाला ऑफिस सुटायचं. साडेसहा-पावणेसातला तो इमारतीखाली आपल्या जागेवर गाडी लावायचा, आणि मग जरा बसायचा. पाच मिनिटं. वर तिसऱ्या मजल्यावर घर होतं, त्यात चार खोल्या होत्या, सकाळी ओट्यावर ठेवलेला कप संध्याकाळी ओट्यावरच असायचा, तसूभर न हललेला, आणि त्या कपाची त्याला अलीकडे भीती वाटायला लागली होती. असं कुणाला सांगितलं तर लोक हसतील. एकोणसाठ वर्षांचा माणूस, कपाला घाबरतो. गाडीत मात्र बरं वाटायचं. इंजिनचा खालून येणारा बारीक आवाज असायचा, एसीची हवा असायची, डॅशबोर्डवर निळे आकडे असायचे आणि त्यातला एखादा सारखा बदलत असायचा. शेजारच्या सीटवर तो वजनांचा डबा ठेवायचा, बाहेरच्या कामाला लागणारा, दहा किलोचा. पहिल्या दिवशी डबा ठेवल्याबरोबर गाडी टिंग टिंग करायला लागली. आधी त्याला कळेना. मग लक्षात आलं, सीटवर वजन पडलं म्हणून गाडीला वाटतंय की माणूस बसलाय आणि त्याने पट्टा लावलेला नाही. आयुष्यभर वजनं हाताळून वजनाने असं कधी फसवलेलं त्याने पाहिलं नव्हतं. त्याला हसू आलं, आणि त्याने डब्याला पट्टा लावला. तेव्हापासून डबा रोज पुढे बसायचा, पट्टा लावून, आणि संध्याकाळी दोघं थोडा वेळ तसेच बसायचे. बायकोचा फोन यायचा तोही याच वेळेला, तिकडे तेव्हा सकाळ असायची. मग फोन संपायचा, मग अजून पाच मिनिटं. रखवालदार फेरी मारताना एकदा सलाम करायचा आणि दुसऱ्या फेरीला दुसरीकडे बघत जायचा.

विकणाऱ्या कंपनीच्या वर्कशॉपला त्याने दोन पानी तक्रार दिली, तक्त्यासकट. काउंटरवरच्या माणसाने आधी गोड बोलून बघितलं की सर, नवीन इंजिन आहे, पहिल्या सर्व्हिसनंतर सुधारेल. मग तक्ता बघून तो आत गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्याबरोबर एक बाई होत्या. पंचेचाळीस-सत्तेचाळीसच्या असतील, करडा डगला, नखांत काळं बसलेलं, कानावर पेन. या तपासणीच्या बाई, असं तो म्हणाला, बरोबर येतील, टाकी फुल करून नव्वद किलोमीटर चालवायची, पुन्हा टाकी फुल, जो आकडा येईल तो दोघांना मान्य. “पंप कुठला?” याने विचारलं. “तुमचाच,” बाई म्हणाल्या. “आमचा घेतला तर उद्या तुम्ही म्हणाल पंपच आमचा होता.” हे त्याला आवडलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी नीट मोजणारं भेटलं होतं. बाईंनी शेजारचं दार उघडलं आणि पट्टा लावून बसलेल्या डब्याकडे बघितलं. “हे कोण?” “वजनं आहेत. पट्टा नसला की गाडी ओरडते.” “मग मागे ठेवायची.” “मागे लांब पडतात,” तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याला वाटलं की हे उत्तर काही बरोबर नाही. बाईंनी डबा उचलून मागे ठेवला, बसल्या, पट्टा लावला, आणि सगळ्यात आधी काच खाली केली. साठच्या वर गेल्यावर तो सांगणार होता की काच बंद करा. शब्द तोंडाशी आले होते. पण तक्रार त्याची होती आणि आकडा कमी आला तर त्याला हवाच होता, म्हणून तो गप्प बसला, आणि गप्प बसल्यावर त्याच्या कानावर वाऱ्याचा आवाज आला, बाहेरच्या ओल्या गवताचा वास आला, आणि बाजूच्या माणसाची ओढणी फडफडताना दिसली.

रस्ता बरा होता, मधे मधे गावं, मधे मोकळी शेतं. बाई डोळे मिटून इंजिन ऐकत होत्या, की झोपल्या होत्या, ते कळायला मार्ग नव्हता. मग त्यांनी खिशातून शेंगदाण्यांची पुडी काढली आणि याच्यापुढे धरली. त्याने दोन घेतले. मग अजून चार घेतले. चाळीस किलोमीटर झाल्यावर त्या म्हणाल्या, “चहा घेऊ.” “मधे थांबलो तर मोजणीत—” “बंद इंजिन काही पीत नाही, साहेब. किल्ली फिरवली की झालं.” त्याने गाडी बाजूला घेतली आणि किल्ली फिरवली. टपरीवर उभं राहून त्याने त्यांना रिकाम्या पारड्याचं सांगितलं, काटा सरकतो कसा ते सांगितलं, मिठाच्या कारखान्याचं सांगितलं, नातू फोनवर त्याला ओळखत नाही, मोबाइलच्या मागे जाऊन बघतो की हा माणूस कुठे आहे, तेही सांगितलं. बाई ऐकत होत्या. ऐकताना मान हलवायची त्यांना सवय नव्हती, पण त्या ऐकत होत्या हे कळत होतं. परतीच्या वाटेवर त्याला एकाच वेळी दोन गोष्टी वाटत होत्या आणि दोन्ही एकमेकींच्या उलट होत्या. आकडा वाईट यावा, गाडी सदोष ठरावी. आणि रस्ता अजून थोडा असावा. गेल्या सव्वा वर्षात इतका वेळ त्याच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं, आणि हे त्याने मोजलं नव्हतं, त्याला ते एकदम कळलं.

तेरा पूर्णांक सहा. पंपावरच्या म्हाताऱ्याने नळी परत अडकवली, बाईंनी कानावरचं पेन काढून भागाकार केला आणि कागद याच्यापुढे धरला. त्याने स्वतः केला. तेरा पूर्णांक सहा. “काचा उघड्या होत्या,” तो म्हणाला. “तरी तेरा पूर्णांक सहा. बंद असत्या तर अजून चांगला आला असता.” “पुन्हा एकदा करू.” “कितीदाही करा.” वर्कशॉपला आल्यावर बाईंनी एक वायर गाडीला लावली, दुसरं टोक लॅपटॉपला, आणि बराच वेळ पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “इंजिन चालू होतं ते तास एकशे एक्कावन्न. त्यातले गाडी उभी असतानाचे चौऱ्याण्णव.” “तुमचं हे यंत्र कुणी तपासलंय का?” तो म्हणाला. “तपासलंय.” “सिग्नलला मी बंद करतो. सगळ्यांना माहीत आहे.” “सिग्नलचे नाहीत हे. सिग्नल मिनिटांत असतात. हे एकेक तासाचे, सव्वा तासाचे आहेत. रोज संध्याकाळी, साडेसहाच्या पुढे.” मागे कुणीतरी लोखंडावर लोखंड ठोकत होतं, ते थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. बाईंनी त्याच्याकडे न बघता विचारलं, “कुणाला आणायला जाता का? वाट बघत थांबावं लागत असेल.” त्यांनी त्याला वाट करून दिली होती. हो म्हटलं असतं तर त्यांनी तसं लिहिलं असतं आणि विषय संपला असता. पण एकतीस वर्षांत त्याने खोट्या आकड्यावर सही केली नव्हती, आणि आज करायला हात वळेना. “नाही,” तो म्हणाला. “बसतो.” “गाडीत?” “हो. पाच मिनिटं म्हणून बसतो.” बाईंनी लॅपटॉप अर्धा मिटला, कारण काउंटरवरचा माणूस जवळ येत होता. “गाडी उत्तम आहे, साहेब,” त्या म्हणाल्या. “पण उभ्या गाडीला ॲव्हरेज नसतं. कितीही चांगली असू दे.” आणि मग जरा वेळाने, “बसायचं असेल तर बसा. पण इंजिन चालू ठेवून काचा बंद करून बसू नका. चांगलं नसतं ते.” कागदावर छापील ओळ होती, गाडीत दोष आढळला नाही, आणि खाली ग्राहकाची सही. आयुष्यभर त्याने दुसऱ्या बाजूला सही केली होती. नाव कुठे लिहायचं ते त्याला क्षणभर सापडेना.

घरी येताना शेजारची सीट रिकामी होती, डबा मागेच राहिला होता. त्याचं लक्ष पुन्हा पुन्हा त्या सीटकडे जात होतं. चौऱ्याण्णव तास. भागिले पंचाहत्तर दिवस, सव्वा तास रोज. हे त्याला माहीत नव्हतं असं कसं म्हणणार? सिग्नलला अर्ध्या मिनिटासाठी किल्ली फिरवणारा माणूस. त्याला लाज वाटली, पण लाजेपेक्षाही वेगळं काहीतरी त्याच्या मनात हलत होतं, आणि ते रिकाम्या सीटशी जोडलेलं होतं. एका वळणावर ते त्याला एकदम दिसलं. विमानतळावर बॅगा पाच होत्या. तीन मागे डिकीत, दोन मागच्या सीटवर. पुढची सीट रिकामी होती. चाळीस किलोमीटर त्याच्या शेजारची सीट रिकामी होती, आणि तो म्हणत आला की गाडी लहान पडली. एका माणसाची जागा होती. एकाही माणसाला तिथे बसावंसं वाटलं नाही. आणि त्याने काय केलं, तर चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, लहान गाडी विकली. मग मोठीवरही तोच खटला चालवला. त्याने काच खाली केली, आणि मग चारही काचा खाली केल्या.

इमारतीखाली जागेवर गाडी लावली तेव्हा पावणेसात झाले होते. किल्लीला हात लावला आणि फोन वाजला. “अहो, काय झालं आज? तपासणी होती ना?” बायको म्हणाली. मागे भांड्यांचा आवाज होता, नातवाचा आवाज होता. “झाली.” “किती आला?” “तेरा पूर्णांक सहा.” “मग चांगलं झालं की. दोष सापडला वाटतं?” “गाडीत दोष नाही,” तो म्हणाला. पुढचं वाक्य त्याने रस्त्यात तयार केलं होतं, आता ते सापडत नव्हतं. “विमानतळावरून आलो तेव्हा,” तो म्हणाला, “माझ्या शेजारची सीट रिकामी होती.” पलीकडे भांडी थांबली. “बॅगा होत्या ना,” ती म्हणाली. “बॅगा मागे होत्या.” ती दुसऱ्या खोलीत गेली असावी, नातवाचा आवाज लांब झाला, एक दार लागलं. “हो,” ती म्हणाली, “मागे होत्या.” मग म्हणाली, “मी बसणार होते. तुम्हाला आठवत नाही का? दार उघडलं होतं मी. पिंट्या रडत होता म्हणून मी मागे वळून बघत होते, त्याला तिकडे कुणी घेतलं का. तर तुम्ही म्हणालात, बसायचं तर बस, नाहीतर जा, इंजिन चालू आहे, फुकट जळतंय.” त्याने आठवून बघितलं. त्याला आठवलं नाही. पण वाक्य त्याचंच होतं, त्यात शंका नव्हती. त्याच्या घरात हे वाक्य तीस वर्षं रोज बोललं गेलं होतं, आणि रिकाम्या पारड्याच्या वाक्यासारखंच त्याला स्वतःला ते कधी ऐकू आलं नव्हतं. “मग मी दार लावलं,” ती म्हणाली. ती चिडलेली नव्हती. खूप दिवसांपूर्वी बरं झालेलं खरचटणं दाखवावं तशा आवाजात ती बोलत होती.

तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. माफ कर, असं म्हणायला हवं होतं, आणि आधी त्या घाटातल्या ओंजळीपासून सुरुवात करायला हवी होती, पण तेवढं लांब मागे कसं जायचं ते त्याला कळेना. रखवालदाराची पहिली फेरी झाली, त्याने सलाम केला. शेजारच्या सीटवर काहीच नव्हतं आणि गाडी गप्प होती. “अहो,” ती म्हणाली, “तो आवाज कसला? तुम्ही गाडीत आहात का?” “हो.” “इंजिन चालू आहे?” “हो.” “मग बंद करा आधी. आपण नंतर बोलू, तुम्ही वर जा. फुकट जळतंय.” “जळू दे,” तो म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा आले होते, आणि ते दोघांनाही कळलं. “तू बोल,” तो म्हणाला. “सावकाश बोल.” “काय बोलू?” ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरासा ओला झाला. ते त्यालाही माहीत नव्हतं. पण तिने फोन ठेवला नाही आणि त्यानेही ठेवला नाही. उघड्या काचांतून बाहेरची हवा आत येत होती, आणि टाकी आजच काठोकाठ भरलेली होती.